कुणाला मारलं?

लिंबाच्या कोवळ्या पानावर चांदीसारखी वाकडीतिकडी रेघ उमटली की आमच्याकडे म्हणतात, नागअळी आली. पान आकसतं, कडा वळतात आणि बघणाऱ्याचं डोकं फिरतं. माझंही फिरलं होतं. बांधावरची आठ मोठी झाडं आणि घरामागची दोनशे रोपं, सगळीकडे दुकानदाराने दिलेलं औषध मारून आलो. हातपाय धुऊन ओट्यावर टेकलो, तर अण्णा म्हणाले, "कुणाला मारलंस?"

"अळीला."

"बघितलीस का?"

बघितली नव्हती. रेघ तेवढी बघितली होती.

चार दिवसांनी रेघा होत्या तशाच. अळी पानाच्या पापुद्र्याखाली, तिच्यापर्यंत औषध पोचलंच नव्हतं. जाळ्यांत कोळी मात्र मरून लोंबत होते.

मग बघायला बसलो. पान उजेडाकडे धरलं की दिसते: चपटी, बिनपायाची, पिवळसर, जेमतेम ३ मिलिमीटर. अंड्यातून निघते ती थेट पानात शिरते. वरचा पापुद्रा तसाच ठेवून आतला रस पीत सरकते, मागे विष्ठेची बारीक काळी ओळ सोडते. शेवटी खाणं थांबवून पानाची कड रेशमाने ओढून घेते आणि त्या घडीत कोष करते. उबदार दिवसांत हा फेरा दोन-तीन आठवड्यांत उरकतो, थंडीत लांबतो. कोषातून रुपेरी पतंग निघतो. पंखाच्या टोकाला एक काळा ठिपका. दिवसा तो दिसतच नाही. स्टेंटन नावाच्या इंग्रजाने १८५६ साली कलकत्त्याच्या नमुन्यांवरून त्याला नाव दिलं, फायलोक्निस्टिस सिट्रेला. अण्णांना ते नाव सांगितलं तर म्हणाले, "आता ओळख झाली म्हणायची."

वळलेल्या कडांची पानं बरणीत ठेवली, तोंडाला धोतराचा तुकडा बांधला. आठवड्याभरात पतंग निघाले. पण काही घड्यांतून मुंगीहून बारीक माश्या निघाल्या. अळीला खाऊनच वाढलेल्या! माझं काम त्या आधीपासून करत होत्या, आणि त्या तर उघड्यावर उडणाऱ्या. माझ्या फवाऱ्यात कोण जास्त मेलं असेल, हे कळायला बरणी पुरली.

मारूच नये असं मी म्हणणार नाही. ते म्हणणं लिंबू विकत घेऊन खाणाऱ्याला सोपं. चार पानांच्या रोपाला एकेक पान मोलाचं. जखमेतून खैऱ्या शिरतो आणि रोप कुणी घेत नाही. पण भरल्या झाडाचं नागअळी फारसं बिघडवत नाही. तिथे मी मारत होतो ते नुकसानासाठी नव्हे, रेघ डोळ्यांत खुपते म्हणून. हे स्वतःशी कबूल करायला मला बरीच वर्षं लागली. अण्णा म्हणायचे, न बघता मारणं वाईट. आणि बघून, नावानिशी मारणं? त्यांना विचारायचं राहून गेलं.

मोठ्या झाडांवर आता पंप नेत नाही. रोपांवर निंबोळी अर्क मारतो, आणि सकाळी वळलेल्या कडा नखाने उघडतो. पिवळी अळी दिसली तर चिरडतो. काळपट कोष असला तर माशीचा समजून पान तसंच ठेवतो. पण पतंगाचा कोषही निघायच्या आधी गडद होतो. कालच एका पानापाशी बराच वेळ बोट अडलं, मग कड पुन्हा दुमडून ठेवली.