भरवसा हत्याराचा आणि हाताचा

आमच्या बीड जिल्ह्यात 'भरवशाचे' हा शब्द जपून वापरला जातो. पाऊस भरवशाचा नाही, हे इथे लहान मुलालाही ठाऊक असते. म्हणून माणसे बैलाचा, बोअरच्या पाण्याचा, मुकादमाच्या शब्दाचा भरवसा पारखून घेतात. वस्तू विकत घेताना दोनच प्रश्न असतात. पैसे वसूल होतील का? आणि ऐन वेळी दगा तर देणार नाही? हेच दोन प्रश्न आता आणखी एका वस्तूविषयी चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, तहसीलच्या आवारात विचारले जातात. ती वस्तू म्हणजे कमरेला लावायचे रिव्हॉल्व्हर.

परवानाधारकांच्या गप्पा ऐकल्या की त्यात एखाद्या गवंड्याने सिमेंटविषयी बोलावे तसा अनुभव असतो. 'कानपूरचा माल जड आहे, ट्रिगर ओढायला बोट दुखते, पण खटका पडला की काम होते.' 'पिस्तूल दिसायला देखणे, पण काडतूस अडकले तर मागची स्लाइड ओढत बसावे लागते. रिव्हॉल्व्हरमध्ये एक काडतूस फुसके निघाले तर पुन्हा ट्रिगर ओढा, पुढचे घर समोर येते.' ही मते चुकीची नाहीत. यंत्राचे तर्कशास्त्र तसेच आहे. १९८० च्या दशकात परदेशी हत्यारांची आयात सर्वसामान्यांसाठी बंद झाली, तेव्हापासून आजोबांच्या काळातल्या विलायती रिव्हॉल्व्हरला सोन्याचा भाव आला आणि मध्यमवर्गीय ग्राहकाच्या वाट्याला सरकारी कारखान्यांचा पॉइंट बत्तीसचा माल उरला. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या कारखान्याने 'निर्भीक' नावाचे अर्धा किलो वजनाचे रिव्हॉल्व्हर आणले. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर खास स्त्रियांसाठी म्हणून त्याची जाहिरात झाली. किंमत होती १ लाख २२ हजार ३६० रुपये. पुढे इच्छापूरच्या कारखान्याचे पॉइंट बावीसचे 'निडर' आले. ते आणखी हलके आणि बरेच स्वस्त. २०२३ मध्ये कानपूरहून 'प्रबल' आले. निर्भीक, निडर, प्रबल! नावे पाहा. कारखाना लोखंड विकतो, पण नाव स्वभावाचे ठेवतो.

याच्या खालच्या पायरीवर गावठी कट्टा आहे. मध्य प्रदेशच्या सीमेकडून येणारा, काही हजारांत मिळणारा, कागदपत्र न मागणारा. कारखान्यातले हत्यार बाहेर पडण्यापूर्वी जादा दाबाचे काडतूस उडवून तपासले जाते. कट्ट्याची तपासणी विकत घेणाऱ्याच्या हातावरच होते. नळी फुटली तर बोटे त्याची जातात. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना पिस्तूल बाळगण्याची शिक्षा दोन ते पाच वर्षांची झाली आहे. तरीही कट्टा विकला जातो, कारण घेणाऱ्याला बहुधा तो चालवायचा नसतो. तो दाखवायचा असतो.

इथेच मूळ प्रश्न सुरू होतो. 'पैसे वसूल झाले का?' असे परवानाधारकाला विचारले की उत्तर बहुधा एकच येते : 'आजवर एकदाही चालवायची वेळ आली नाही, म्हणजे उपयोग झालाच ना!' हे उत्तर नीट तपासून पाहण्यासारखे आहे. हत्यार चालले नाही, हा हत्यार उपयोगी असल्याचा पुरावा मानला जातो. मग ज्या शेजाऱ्याकडे हत्यार नाही आणि ज्याच्यावर आजवर कोणी हल्लाही केला नाही, त्याचे रक्षण कोणी केले? निवडणुकीची आचारसंहिता लागली की अनेक परवानाधारकांना आपली हत्यारे ठाण्यात जमा करावी लागतात. ज्यांच्या जिवाला म्हणे अष्टौप्रहर धोका असतो, ते त्या काळात कसे जगतात? आपल्या-तुपल्यासारखेच जगतात. बाजारात जातात, लग्नाला जातात, रात्री शेतावर पाणी द्यायला जातात. फरक पडतो तो एवढाच, की त्या काळात समोरचा माणूस त्यांच्या कमरेकडे पाहत नाही.

म्हणजे हत्याराची खरी किंमत लोखंडात नाही, ती समोरच्याच्या नजरेत आहे. समोरचा जितका भ्यायला, तितके पैसे वसूल. जी वस्तू शेजाऱ्याच्या भीतीवर वाढते, तिला सुरक्षितता म्हणायचे का, हा मला पडलेला नैतिक प्रश्न आहे. एका घरात सुरक्षितता आली आणि दहा घरांतली तेवढीच कमी झाली, तर ती विकत घेतली कारखान्याकडून, पण तिची किंमत शेजाऱ्यांनी भरली असे म्हणावे लागेल.

आमच्या जिल्ह्याने या प्रश्नाचे उत्तर फार महागात मिळवले आहे. जून २०२४ मध्ये परळीत एका सरपंचाचा गोळी घालून खून झाला. ९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण झाले आणि अमानुष मारहाण करून त्यांचा खून करण्यात आला. पवनचक्की प्रकल्पाच्या खंडणीला ते आडवे आले म्हणून हे घडले, असे तपास यंत्रणेचे म्हणणे आहे. त्यानंतर जिल्ह्यातल्या परवान्यांचा आकडा चर्चेत आला : बाराशेहून अधिक. शेजारच्या परभणीत तो पन्नासाच्या आत असल्याचे सांगितले गेले. कमरेला पिस्तूल लावून काढलेली छायाचित्रे, हवेत गोळ्या झाडतानाच्या चित्रफिती घरोघरी पाहिल्या गेल्या. प्रशासनाने २०२५ च्या सुरुवातीला शंभरावर परवाने रद्द केले. बाराशे भरवशाची हत्यारे असलेल्या जिल्ह्यात, आपल्या गावच्या पहारेकऱ्याला मारहाण झाली म्हणून त्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्या एका माणसाला त्यातले एकही उपयोगी पडले नाही. ती हत्यारे त्याच्यासाठी नव्हतीच. ती दरारा निर्माण करण्यासाठी होती, आणि दरारा कधी दुर्बलाच्या बाजूने उभा राहत नाही.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मास्तर, हे सांगणे सोपे आहे, ज्याच्यावर वेळ येते त्याला विचारा. हा आक्षेप मला हलक्यात उडवायचा नाही. स्वतःच्या जिवाचे, कुटुंबाचे रक्षण करण्याचा हक्क कायदा देतो. पूर्वीच्या दंड संहितेत तो होता, २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. शरियतमध्ये जानेची हिफाजत हा मूळ उद्देशांपैकी एक आहे, आणि आपला माल वाचवताना मारला गेलेला शहीद होय, असे हदीसमध्ये आले आहे. दुबळेपणाला आपल्या धर्माने सद्गुण म्हटलेले नाही. आणि आपल्या समाजाच्या मनात भीती आहे, हेही खरे आहे. ३० मार्च २०२५, गुढीपाडव्याची पहाट. ईद एका दिवसावर असताना गेवराई तालुक्यातल्या अर्धमसला गावच्या मशिदीत जिलेटिनच्या कांड्यांचा स्फोट झाला. त्या आठवड्यात 'आता आपणही काही ठेवले पाहिजे' हे वाक्य मी अनेकांकडून ऐकले. बोलणारे गुंड नव्हते. फळांचे व्यापारी होते, गाडीवाले होते, माझ्या विद्यार्थ्यांचे वालिद होते.

त्यांच्यापैकीच एक गृहस्थ माझ्याकडे आले. उर्दू शाळेतल्या शिक्षकाकडे लोक रेशन कार्डापासून फेरफारापर्यंत सगळे मराठी अर्ज लिहायला येतात. हा अर्ज शस्त्र परवान्याचा होता. नाव, पत्ता, व्यवसाय लिहून झाले. हत्यार घरात कोठे व कसे सुरक्षित ठेवणार, ते लिहिले. मग परवान्याची गरज का, हा रकाना आला. ते म्हणाले, 'लिहा सर, जीवितास धोका आहे.' मी विचारले, 'कोणापासून?' ते बराच वेळ गप्प राहिले. कोणी धमकी दिली होती का? नाही. भाऊबंदकी? नाही. शेवटी म्हणाले, 'सगळ्यांपासूनच वाटतो, सर.' मी म्हणालो, 'चाचा, सगळ्यांपासून म्हणजे तुमच्या दुकानावर रोज येणारे गिऱ्हाईकही त्यात आले.' ते हसले, पण अर्ज मागे घेतला नाही. तो त्यांचा हक्क होता. त्यांनी सांगितले तसे मी लिहून दिले. परवाना द्यायचा की नाही, हे जिल्हाधिकाऱ्यांनी ठरवायचे.

पण 'सगळ्यांपासून' हा शब्द माझ्या मनात राहिला. ज्याला धोका कोणापासून आहे हे माहीत असते, तो पोलिसांत जातो, पंचांकडे जातो, वेळ आली तर अंगावरही जातो. ज्याला तो सगळ्यांपासून वाटतो, त्याला कितीही चांगले हत्यार अपुरे पडते. कानपूरचे घेतले तर विलायती हवे वाटेल, सहा घरांचे घेतले तर पंधरा गोळ्यांचे हवे वाटेल. अशा भीतीला पुरेल असे मॉडेल कोणताही कारखाना काढू शकत नाही.

आपल्या परंपरेत हत्याराची चर्चा आहे, पण तिचा रोख वेगळा आहे. बाजारातून किंवा मशिदीतून बाण घेऊन जाणाऱ्याने त्यांची टोके मुठीत धरावीत, कोणाला ओरखडा येता कामा नये, उघडी तलवार दुसऱ्याच्या हाती देऊ नये, आपल्या भावाकडे थट्टेनेही हत्यार रोखू नये, अशा शिकवणी प्रेषित मुहंमद (स.) यांच्या हदीसमध्ये सापडतात. यात हत्याराला बंदी नाही. मात्र ज्याच्या हातात ते आहे, त्याच्यावर सगळा भार आहे. ते अमानत आहे, आणि अमानतीचा पहिला प्रश्न असतो : ठेवणारा कसा आहे?

मौलाना रूमींच्या मसनवीतला हजरत अलींचा (र.) किस्सा आपण लहानपणापासून ऐकतो. युद्धात शत्रू खाली पडला, अलींनी तलवार उगारली, तेवढ्यात तो त्यांच्या तोंडावर थुंकला. अलींनी तलवार खाली ठेवली. कारण आता त्या वारात स्वतःचा राग मिसळला होता. भरवशाचे हत्यार कोणते, याचे उत्तर मला या किश्शात दिसते. अलींची तलवार बिनचूक होती हे खरेच, पण भरवशाचा होता तो हात, जो राग आला म्हणून थांबला. आपल्यापैकी किती जणांचा हात असा आहे? बांधाच्या भांडणात, वरातीतल्या धक्क्यात, दारूच्या नव्हे तर नुसत्या अपमानाच्या नशेत? २०१६ च्या नियमांत अर्जदाराला हत्यार हाताळण्याचे प्रशिक्षण सांगितले आहे. राग हाताळण्याचे प्रशिक्षण कोणत्याही नियमात नाही. ते घरात आणि शाळेत द्यावे लागते, आणि तिथे आपण कमी पडतो.

हत्याराचा दगा एका खटक्यापुरता असतो. माणसाने दिलेला दगा पिढ्यानपिढ्या निस्तरावा लागतो. म्हणून आपल्या तरुणांना मी एवढेच सांगेन : ज्याला खरेच नाव घेण्याजोगा धोका आहे, त्याने उजळ माथ्याने कायद्याच्या दारात जावे. कट्ट्याच्या वाटेला जाऊ नये. तो पहिल्यांदा आपलाच घात करतो, आणि नंतर सगळ्या मोहल्ल्याचा. पण ज्याला धोका सगळ्यांपासून वाटतो, त्याने आधी त्या सगळ्यांतल्या दहा जणांची नावे लिहून काढावीत आणि त्यातल्या कोणाच्या घरी आपण शेवटचे कधी गेलो होतो, ते आठवावे.

अर्धमसल्यात त्या पहाटे कोणाच्या कमरेचे हत्यार कामी आले नाही. पोलिसांना कळवले ते गावानेच. काही तासांत दोघांना अटक झाली, आणि दुसऱ्या दिवशी ईद झाली.