गटारातलं सोनं कुणाचं?

सोनं गाळायची पन्हळ निवडताना हौशी माणूस उतार बघतो: दर फुटाला साधारण इंचभर. पाणी फार जोरात वाहिलं तर बारीक सोनं निघून जातं; फार संथ वाहिलं तर तळाच्या आडव्या पट्ट्यांत वाळू घट्ट बसते. सोनं पाण्याच्या १९.३ पट जड आणि वाळू जेमतेम २.६५ पट, एवढ्या भांडवलावर हा सगळा खेळ.

अशी पन्हळ कल्याणजवळ उल्हास नदीत मांडली, तर हाती लागेल ती पाठदुखी. उल्हास, काळू, भातसा या नद्या सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या काळ्या दगडातून वाहतात. त्यात गाळून घेण्याजोगं सोनं नाही.

या भागात सोनं पडतं ते माणसाच्या हातून. दागिना घासताना कानशीखालून, झिलई देताना ब्रशमधून, कारागिराने हात धुतलेल्या पाण्यातून. मुंबईच्या झवेरी बाजारात पेढ्यांपुढची धूळ आणि गटारातला गाळ गोळा करून घमेल्यात धुणारे आजही दिसतात. त्यांना झारेकरी म्हणतात. वरच्या वैनगंगेच्या खोऱ्यात, बालाघाटकडे, सोनझारा लोक हेच काम नदीच्या वाळूवर करत. मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर लिहिणाऱ्या रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली त्यांची नोंद केली आहे.

झारेकऱ्याचं हे काम वेचणं म्हणायचं की दुसऱ्याचं उचलणं?

कापणीनंतर शेतात सांडलेले दाणे टिपून जगण्याला परंपरेने उंछवृत्ती असं भारदस्त नाव दिलं. वैशेषिक दर्शनाच्या कणादाचं नावही अशाच कण वेचण्यावरून पडल्याचं सांगतात. महाभारताच्या आश्वमेधिक पर्वातलं मुंगूस तर उंछवृत्तीच्या ब्राह्मणाने अतिथीला दिलेल्या सातूच्या पिठाच्या उरल्यासुरल्या कणांत लोळलं आणि अर्धं सोन्याचं झालं. उरलेलं अंग सोन्याचं करायला ते युधिष्ठिराच्या यज्ञात आलं, पण तिथे काही घडलं नाही. गंमत अशी, की दाणे वेचणारा ऋषी ठरतो आणि खुद्द सोन्याचे कण वेचणाऱ्याकडे लोक नाक दाबून बघतात.

पतंजलीच्या योगसूत्रांत (२.३७) अस्तेय, म्हणजे चोरी न करणं, पक्कं झालेल्याकडे सर्व रत्नं चालत येतात. झारेकऱ्याकडे ती चालत येत नाहीत, त्याला उकिडवं बसावं लागतं. पण चोरीचा आळ त्याच्यावर टिकत नाही. कारखान्याच्या आतला केर मालकाचा, तो तोलून विकलाही जातो. उंबऱ्याबाहेर वाहून गेलेलं मालकाने स्वतःच सोडलेलं असतं. शेतकऱ्याने सोडलेल्या लोंबीसारखंच.

खरी अडचण पुढे आहे. गाळातले कण धरायला पारा वापरतात आणि मग तो गोळा तापवून पारा उडवतात. एका खोलीच्या घरात ती वाफ मुलांच्या छातीत जाते. पतंजलीच्या यमांच्या यादीत अस्तेय तिसरं आहे, अहिंसा पहिली. आणि ही हिंसा वेचणाऱ्याच्याच घरात होते, सोनं मात्र वितळून पुन्हा त्याच पेढीवर जातं.