रस्ता चालू आहे का?

कवठे येमाईच्या बाजूला हळवी कांदा जानेवारीत निघतो आणि तो ठेवून भागत नाही. गरवी असता तर बराखीत टाकून बाजाराची वाट पाहता आली असती. हळवीला लगेच कोंब येतात. म्हणून ३ जानेवारी २०१८ ला महाराष्ट्र बंद झाला, तेव्हा ज्याचा माल काढून पडलेला, त्याला एकच काळजी : रस्ता चालू आहे का?

दोनच दिवसांपूर्वी, १ तारखेला, आपल्याच शिरूर तालुक्यात कोरेगाव भीमा आणि सणसवाडी पेटली होती. गाड्या जळाल्या, दुकानं जळाली, एक तरुण जिवानिशी गेला. पुणे-नगर रस्ता ठप्प. बंद त्याच्याच निषेधाचा. त्याच वर्षी ३० जुलैला मराठा आरक्षणाच्या आंदोलनात चाकणला बस पेटल्या. माल न्यायच्या दोन्ही वाटा एकाच सालात अडल्या.

चूक कुणाची, यावर पारावर हवं तेवढं बोलून होतं. गाडी भरून बसलेला माणूस त्या बोलण्यात नसतो. त्याला आप्पलपोटा म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. वगातला सोंगाड्याही राजा कुणीही असो, आधी पोटाचंच विचारतो आणि टाळ्या त्यालाच पडतात. तमाशाच्या फडांसाठी वग आणि गणगौळणी लिहिणारे बी. के. मोमीन कवठेकर कवठे येमाईचेच, तेव्हा हे इथे कुणाला वेगळं सांगायला नको.

पण ‘रस्ता चालू आहे का’ या प्रश्नाच्या नादात आपण एक विसरतो. १ तारखेच्या त्या सोमवारी रस्त्यात अडकलेली माणसंही अशीच साधी, पदरचे पैसे घालून गाडी करून आलेली. फडक्यात भाकरी-ठेचा, कडेवर पोर, भीमेकाठी पेरणे गावच्या जयस्तंभाला अभिवादन करायचं आणि रात्रीपर्यंत घर गाठायचं, एवढाच बेत. आपल्याला तो माल न्यायचा रस्ता. त्यांना तो वर्षातून एकदा ताठ मानेनं चालायचा. दगड सुरू झाले तेव्हा पोराला घेऊन जायचं कुठे? कांद्याचं नुकसान आडत्याच्या पट्टीवर आकड्यात दिसतं. त्यांचं कुठल्या पट्टीवर उतरवायचं? न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांचा आयोग चौकशीला नेमला गेला; त्याला मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत राहिली.

आता डिसेंबर संपत आला की पोलिसांचं पत्रक निघतं : शिरूरहून गाड्या न्हावरे-चौफुल्याकडे. ते मोबाईलवर येतं, आपण वाचतो आणि गाडी एक दिवस अलीकडे-पलीकडे भरतो. त्याच पत्रकात पुढे, जयस्तंभाकडे येणाऱ्यांनी गाड्या कुठे लावायच्या, हेही दिलेलं असतं. तिथवर आपण वाचत नाही.