उसने डोळे

सुटी जवळ आली म्हणजे सुशिक्षित घरांत दोन प्रश्न उपस्थित होतात: जावयाचें कोठें, आणि बरोबर प्रवासाचें पुस्तक कोणतें घ्यावयाचें? पहिल्या प्रश्नावर सर्व मंडळी हिरिरीनें वाद घालतात. दुसऱ्याचा निकाल मात्र दुकानांत जें हातीं लागेल त्यावर सोपवितात. आमच्या मतें दुसरा प्रश्नच अधिक विचाराचा आहे. स्थळाची निवड चुकली तर फार तर पैसा व चार दिवस वायां जातात. परंतु पुस्तक निवडतांना आपण कोणाच्या डोळ्यांनीं पाहावयाचें हें ठरवीत असतों. डोळे उसने घेणें ही केवळ सोयीची बाब नसून नीतीचीहि आहे.

युरोपांत ही उसनवारी एकोणिसाव्या शतकांत व्यवस्थित सुरू झाली. मारियाना स्टार्क या इंग्रज बाईंनीं इटलीतील चित्रांना उद्गारचिन्हें वांटलीं. चिन्हें जितकीं अधिक, तितकें चित्र थोर. १८३६ मध्यें लंडनच्या जॉन मरे यानें आपली प्रवासपुस्तिका काढली, आणि पुढें कोब्लेन्झच्या कार्ल बेडेकरच्या पुस्तकांनीं तारे देण्याची पद्धत सर्वत्र रूढ केली. या पुस्तकांचे उपकार लहान नाहींत. ज्याला दुभाष्या बरोबर नेण्याची ऐपत नव्हती, अशा परक्याला त्यांनीं वाटा, खाणावळी व दर सांगून फसवणुकींतून सोडविलें. परंतु ताऱ्यानें आणखीहि एक काम केलें. पाहण्यापूर्वींच कौतुक किती करावयाचें हें त्यानें सांगून टाकलें. मनुष्य चित्रापुढें उभा राहून आपली भावना ताऱ्यांशीं ताडून पाहूं लागला, आणि ती जुळली नाहीं तर जुळल्याचें सोंग करूं लागला.

या ताऱ्यांचा एक भयंकर उपयोगहि इतिहासांत नमूद आहे. १९४२ च्या वसंतांत, ल्यूबेक शहरावरील हल्ल्याचा सूड म्हणून, बेडेकरनें तारे दिलेली ब्रिटनमधील प्रत्येक इमारत उद्ध्वस्त करूं, असे उद्गार जर्मन परराष्ट्र खात्याच्या एका प्रवक्त्यानें काढले. एक्सेटर, बाथ, नॉर्विच, यॉर्क व कँटरबरी या शहरांवर बाँब पडले. यांत पुस्तकाचा काय दोष, असें वाचक विचारतील, दोष नाहींच. तथापि एखाद्या नगरीचें सार चार ताऱ्यांत आलें, कीं तींत राहणारीं माणसें दृष्टीआड होतात, एवढें यावरून ध्यानांत यावें. बाँब टाकणारा आणि घाईचा प्रवासी यांत महदंतर आहे; पण शेजारच्या आळींतील घरांना दोघांच्याहि यादींत जागा नसते.

मग पुस्तकच नको, असें कोणी म्हणेल. तें आम्हांस मान्य नाहीं. अज्ञानी डोळे मोकळे असतात ही समजूत भ्रामक आहे. ते बहुधा रिकामे असतात. वेरूळचें कैलास लेणें एका अखंड खडकांतून वरून खालीं कोरीत आणलें, हें ज्याला ठाऊक नाहीं त्याला तेथें एक मोठें देऊळ दिसतें. ज्याला ठाऊक आहे त्याला घावाघावांतील धीर दिसतो. तेव्हां माहिती व निवाडा यांत भेद केला पाहिजे. माहितीनें दृष्टि वाढते. आयत्या निवाड्यानें ती मिटते.

आपल्या भाषेंत या भेदाचा एक जुना दाखला आहे. महानुभावांच्या स्थानपोथींत श्रीचक्रधरांच्या वास्तव्यानें पुनीत झालेलीं स्थळें नोंदलेलीं आहेत: गांव कोणतें, देऊळ कोणत्या दिशेस, दार कोणीकडे. भक्ताला काय वाटावें हें पोथी त्याच्यावर सोडते. ती त्याला जागेपर्यंत नेऊन बाजूस होते. उत्तम वाटाड्याचें लक्षण याहून निराळें काय असणार?

पुस्तक पारखण्याची एक सोपी कसोटी आम्ही सुचवितों. परमुलखाचें पान उघडण्यापूर्वीं त्याच लेखकानें आपल्या गांवाविषयीं कांहीं लिहिलें असल्यास तें वाचावें. पुणेकरानें शनिवारवाडा पाहावा. १८२८ च्या आगींत आंतला वाडा गेला व तट उरला, हें जें पुस्तक सांगत नाहीं, त्यावर रोममध्यें तरी विश्वास कां ठेवावा? शिवाय छापल्याचें वर्ष पाहावें. दर व वेळा लवकर शिळ्या होतात, इतिहास सावकाश होतो. आणि शेवटीं, त्यांत तेथील लोक काय खातात, कसे राहतात, आपण कसें वागल्यानें त्यांस त्रास होणार नाहीं, याला चार ओळी तरी आहेत कीं नाहींत हें पाहावें. परक्याच्या घरीं जाणाऱ्यास काय पाहावें याइतकेंच कसें वागावें हेंहि कळलें पाहिजे.

आज तारे देणारा एक लेखक राहिला नसून खिशांतील यंत्रावर हजारों अनोळखी लोक ते देत असतात. मतें वाढलीं, पाहण्याचें कर्तव्य मात्र ज्याचें त्याचेंच राहिलें. म्हणून चांगलें पुस्तक निवडावें, घरीं तें मन लावून वाचावें, आणि स्थळीं पोंचल्यावर कांहीं वेळ तरी मिटून ठेवावें.