अन्नवस्त्र आणि वाटा

दिवाळीच्या तोंडावर पुण्या-मुंबईतल्या सोसायट्यांच्या आवारात विशेष मुलांनी रंगवलेल्या पणत्यांचे, उटण्याच्या पाकिटांचे, कागदी कंदिलांचे स्टॉल लागतात. पणत्यांचे ऐंशी रुपये होतात, गिऱ्हाईक शंभराची नोट पुढे करतं आणि ‘सुट्टे राहू द्या’ म्हणून निघून जातं. हेतू चांगलाच असतो. पण वरच्या वीस रुपयांनी आधीच्या ऐंशींचाही अर्थ पालटतो. ऐंशी ही पणत्यांची किंमत होती. शंभर झाल्याबरोबर तो अख्खा व्यवहार दानखात्यात जमा झाला. हाच माणूस शेजारच्या भाजीवालीकडे कोथिंबिरीची जुडी वरून मागून घेतो, मेथी शिळी असेल तर परत टाकतो. तिच्या मालाला तो नावं ठेवू शकतो, कारण तिला तो विक्रेती समजतो. पणतीचा रंग ओघळला असला तरी तो काही बोलत नाही. दान हे विक्रीपेक्षा वरचं, असं आपण लहानपणापासून मानत आलो. माझं म्हणणं उलट आहे. जिथे कुणी काही बनवून विकायला मांडलं आहे, तिथे नेमकी किंमत देणं हाच वरचा धर्म आहे. म्हणून अपंग कलाकाराला दर ठरवायला, बिल करायला, करार वाचायला शिकवणं ही कौशल्यविकास खात्याची किरकोळ बाब नाही. तो नीतीचा प्रश्न आहे.

परंपरेने दानाचा विचार बारकाईने केला आहे, हे आधी मान्य करू. गीतेच्या सतराव्या अध्यायात तामस दानाची एक खूण अशी सांगितली आहे, की ते मान न राखता, तुच्छतेने दिलेलं असतं. तैत्तिरीय उपनिषद श्रद्धेने द्यायला सांगतं, तसंच लाजत आणि भीत द्यायलाही सांगतं. बाराव्या शतकातला ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीज याने दानधर्माच्या आठ पायऱ्या लावल्या आणि सर्वांत वरची पायरी गुप्तदानाला न देता कर्ज देणं, धंद्यात भागीदार करून घेणं, काम मिळवून देणं यांना दिली, कारण त्यानंतर माणसाला हात पसरावा लागत नाही. पण हा सगळा उपदेश देणाऱ्याला आहे. घेणाऱ्याचा विचार आपल्या धर्मशास्त्रात प्रतिग्रहाच्या प्रकरणात येतो: कुणाचं दान घ्यावं, कुणाचं नाकारावं. मात्र तो नियम ब्राह्मणासाठी. आंधळ्या-पांगळ्याने कुणाचं दान नाकारावं, असा प्रश्नच कुणाच्या मनात आला नाही. मनुस्मृतीचा नववा अध्याय तर जन्मांध, बहिरे, मुके यांना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा नाकारतो आणि लगेच पुढच्या श्लोकात बजावतो, की त्यांना यथाशक्ती अन्नवस्त्र द्या, न देणारा पतित होतो. यात क्रौर्य आहे असं त्या काळी कुणाला वाटलं नसेल. उलट ही काळजीच समजली गेली असणार. कायद्याने ती तरतूद 1928 मध्ये बरीचशी मोडली आणि 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या अठ्ठाविसाव्या कलमाने पुरती निकालात काढली. मनातून मात्र ती गेलेली नाही. अन्नवस्त्र द्यायला समाज आजही तयार आहे. वाटा म्हटलं की तो चाचरतो.

वाटा आणि अन्नवस्त्र यांतला फरक रकमेचा नाही. ज्याला वाटा आहे तो ‘नाही’ म्हणू शकतो. अन्नवस्त्रावर असलेल्याने ‘आज हे नको’ म्हटलं तर तो कृतघ्न ठरतो. दान घेणाऱ्याकडून कृतज्ञतेची अपेक्षा असते आणि ती कधी फिटत नाही. किंमत दिली-घेतली की दोघे मोकळे. शिवाय खऱ्या बाजारात नकार दोन्हीकडून चालतो. कलाकार म्हणतो, या दरात परवडत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, रंग आवडला नाही. हा दुसरा नकार कडू वाटतो, पण ज्याचं काम कधीच कुणी नापसंत करत नाही त्याचं काम कुणी नीट पाहिलेलंही नसतं. कौतुकाच्या त्या गोड भिंतीआड कितीतरी हात आहे तिथेच राहिले असतील.

तेरच्या गोरोबाकाकांची आख्यायिका इथे आठवते. हात तुटलेल्या कुंभाराच्या घरी विठ्ठल येतो, तो शिधा घेऊन नाही. तो कुंभार होऊन येतो, चाकाशी बसतो, मडकी घडवतो आणि गोरोबांचा धंदा चालू ठेवतो. कीर्तनकार पुढे हात परत फुटल्याच्या चमत्कारावर रंगतात. मला अलीकडचा भाग जास्त धर्माचा वाटतो: देवाने कुंभाराला आश्रित केलं नाही, त्याचं दुकान बंद पडू दिलं नाही.

आता या प्रशिक्षणात शिकवायचं काय, ते जरा जवळून पाहू. पणतीची किंमत मातीपासून नव्हे, वेळेपासून मोजायची. हाताला कंप असलेल्या माणसाला एका नक्षीला दीड तास लागत असेल तर तो दीड तास हिशेबात धरायचा. आणि त्या दराने पणती खपणार नसेल, तर पणतीचा नाद सोडून अशी वस्तू निवडायची जिच्यात सावकाशपणाला मोल आहे. चित्र विकलं म्हणजे छापण्याचा हक्क विकला असं होत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो हक्क लेखी करारानेच देता येतो, आणि करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. एखाद्या कंपनीने कौतुकाने मागून घेतलेलं चित्र पुढच्या वर्षी तिच्या कॅलेंडरवर झळकलं, तर त्याचा मोबदला मागणं हा उद्धटपणा नाही, हे कलाकाराला कुणीतरी सांगावं लागतं. करार स्कॅन केलेल्या चित्राच्या रूपात आला तर अंध कलाकाराचा स्क्रीन रीडर गप्प बसतो. म्हणून ‘मजकुराची फाइल पाठवा, मग सही’ हे वाक्य पाठ हवं. बँकेने अंध आहे म्हणून चेकबुक नाकारलं, तर रिझर्व्ह बँकेचं 2008 चं परिपत्रक पुढे ठेवता यायला हवं. यातली प्रत्येक गोष्ट नकाराचाच एकेक सराव आहे.

यावर पहिला आक्षेप रसिकांचा येतो. कला ही साधना, तिला भाव लावला की ती बाटते. कांटने 1785 मध्ये मांडलेला भेद ते पुढे करतात: काही गोष्टींना किंमत असते, काहींना प्रतिष्ठा, आणि माणूस दुसऱ्या प्रकारात मोडतो. भेद बरोबर आहे, पण तो माझ्या बाजूचा आहे. चित्राला किंमत लावली की माणूस किमतीबाहेर राहतो. चित्राकडे न पाहता पैसे दिले, तर ते पैसे चित्रकाराच्या अपंगत्वाचे होतात. मग भाव माणसालाच लागला. आणि साधनेलाही कुठून तरी धान्य येतंच. विनोदबिहारी मुखर्जींची दृष्टी पन्नाशीनंतर पूर्ण गेली. त्यानंतर त्यांनी कागद कापून कोलाज केले, 1972 मध्ये शांतिनिकेतनच्या कलाभवनात टाइल्सचं मोठं भित्तिचित्र उभं केलं. त्यांच्या पाठीशी कलाभवनातली अध्यापकी होती. आठव्या वर्षी श्रवणशक्ती गेलेले सतीश गुजराल लाहोरहून मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकायला येऊ शकले, त्यांच्यामागे सार्वजनिक जीवनात वावरणारं सुशिक्षित घर होतं. प्रतिभा आपली वाट काढते असं म्हणणारे ही घरं आणि या नोकऱ्या सोयीने विसरतात. ज्यांना त्या नाहीत, त्यांनी निदान बिल करायला तरी शिकावं.

दुसरा आक्षेप जास्त चतुर आहे. कलाकाराच्या अपंगत्वाची गोष्टच विकली जाते, तर ती विकायला काय हरकत? पोलिओने हात निकामी झालेल्या आर्नुल्फ एरिख स्टेगमन यांनी 1957 मध्ये लिख्टेनस्टाइनमध्ये तोंडाने आणि पायाने चित्रं काढणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी केली. धर्मादाय नको, स्वावलंबन हवं, हे तिचं धोरण. तिची शुभेच्छापत्रं भारतातही विकली जातात. तरी तोंड आणि पाय संघटनेच्या नावातच आहेत. मला यात लबाडी दिसत नाही, कारण ही संघटना कलाकारांनीच, स्वतःसाठी उभी केली. आपली गोष्ट सांगायची की नाही, किती सांगायची, हे ज्याची आहे त्याने ठरवलं तर ते भांडवल. दुसऱ्याने परस्पर सांगितली तर ते प्रदर्शन. धंद्याच्या दृष्टीनेही कळवळ्याने आलेलं गिऱ्हाईक बहुधा एकदाच येतं.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र मला थांबावं लागतं. बाजार काही न्यायी नाही. तो झपाट्याने काम करणाऱ्याचा, जिना चढू शकणाऱ्याचा, फोनवर बोलू शकणाऱ्याचा आहे. त्यात कुणाला ‘शिका आणि उतरा’ म्हणून ढकलणं म्हणजे सरकारने हात झटकणं होऊ शकतं. हे खरं आहे. संजय गांधी निराधार योजनेसारख्या पेन्शनला उत्पन्नाची मर्यादा असते; मूर्तिकाराचा एखादा हंगाम चांगला गेला तर तेवढ्यावर कायमचा आधार सुटण्याची भीती असते, आणि पुढचा हंगाम कोरडा जाऊ शकतो. अशा वेळी ऑर्डर नाकारणारा कलाकार आळशी नसतो, त्याचा हिशेब पक्का असतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या एकोणिसाव्या कलमात प्रशिक्षण, सवलतीचं कर्ज आणि मालाची विक्री यांचा उल्लेख एकत्रच आहे. यातलं प्रशिक्षण तेवढं उचलून प्रमाणपत्रं वाटणं सोपं पडतं. म्हणून प्रशिक्षण हा पेन्शनचा पर्याय म्हणून मांडला जात असेल, तर मी त्याच्या विरोधात आहे. वाटा मिळाला म्हणून अन्नवस्त्र तोडा, असं मी म्हणत नाही.

आणि ज्यांना हिशेब कधीच जमणार नाही, त्यांचं काय? बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाला नफा-तोटा समजावा, असा हट्ट नाही. त्याची प्रतिष्ठा त्यावर अवलंबूनही नाही. पण त्याने रंगवलेली पणती विकली जात असेल तर विकणाऱ्या संस्थेला काही साधे प्रश्न विचारता येतात. पाकिटावर संस्थेच्या नावाबरोबर त्याचं नाव, त्याला चालत असेल तर, आहे का? ऐंशीतले किती रुपये त्याच्या खात्यात गेले? कोणता रंग घ्यायचा हे त्याने ठरवलं की बाईंनी? एखाद्या दिवशी त्याने रंगवायला नाही म्हटलं, तर काय होतं?