बटण दाबलं म्हणजे स्वयंपाक झाला?

मोबाइल खाली ठेवा आणि कान देऊन ऐका. काल स्लो कुकरमध्ये शिजवून पॉट रोस्ट म्हणून तुम्ही जे पुढ्यात ठेवलंत, ते खायच्या लायकीचं नव्हतं. बीफचा चोथा झालेला, गाजरं कच्ची, रस्सा म्हणजे मचूळ पाणी. वर तोंड करून सांगता, "बाई, आठ तास ठेवलं होतं!" ठेवलं होतं, पण केलं काय होतं?

पहिली चूक दुकानातच केलीत. महाग म्हणून चांगलं, असं धरून सरलॉइन उचललंत. स्लो कुकरला खांद्याचं मांस लागतं, ज्याला इथे अमेरिकेत चक म्हणतात. जनावराचा खांदा सतत राबतो, म्हणून त्यात कोलॅजन भरपूर असतं. साधारण 70 अंश सेल्सियसच्या पुढे तासन् तास राहिलं की त्याचं जिलेटिन होतं. मांस चमच्याने तुटतं आणि रश्शाला दाटपणा येतो. सरलॉइनमध्ये कोलॅजन कमी, म्हणून ते नुसतं सुकत गेलं. चक स्वस्तही मिळतं. पैसे गेले आणि जेवणही गेलं.

दुसरी चूक निव्वळ आळसाची. तवा घासावा लागेल म्हणून मांस भाजलं नाहीत. पाण्यात शिजणारा पदार्थ 100 अंशांच्या वर जात नाही आणि खरपूस चव यायला साधारण 140 अंश लागतात. ती चव कुकर देऊच शकत नाही. तुकडा कागदाने टिपून कोरडा करा, मीठ-मिरी चोळा, जाड बुडाच्या तव्यात तेल कडकडीत तापवून त्यात तो ठेवा आणि हात आवरा. खालची बाजू तांबूस झाली की तुकडा आपोआप सुटतो, तेव्हाच उलटा. मग त्याच तव्यात कांदा परता, थोडं पाणी घालून तळाला धरलेलं सगळं उलथन्याने खरवडून घ्या. काल हे तुम्ही सिंकमध्ये ओतलं असतंत!

झाकणाखालून वाफ फारशी जात नाही. दीड किलो मांसाला कपभर पाणी पुरतं. तुम्ही भांडं भरलंत. बटाटे-गाजरं मांसापेक्षा उशिरा शिजतात, म्हणून ती तळाशी घालायची. तुम्ही वर पसरलीत. त्यातून दर तासाला झाकण उघडून डोकावत होतात. एकदा उघडलं की शिजायला वीस-तीस मिनिटं वाढतात.

आता जे सांगते ते चवीचं नाही, जिवाचं आहे. गोठलेला गोळा तसाच कुकरमध्ये टाकलात. 4 ते 60 अंशांमध्ये जंतू झपाट्याने वाढतात आणि तो गोळा तासन् तास तिथेच रेंगाळतो. एका शहाण्याने त्यात मूठभर कच्चा राजमा घातला. भिजवून, ते पाणी टाकून, निदान दहा मिनिटं खळखळून उकळल्याशिवाय राजम्यातलं विष जात नाही. तो राजमा पोटात गेला असता तर रात्रभर ओकत बसला असता.

हे भांडं कुठून आलं, माहीत आहे? ते बनवणाऱ्या अर्विंग नॅक्सनची आई लिथुआनियातली. तिथल्या ज्यू बायका शब्बाथला, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, चूल पेटवत नसत, म्हणून शुक्रवारी सूर्यास्ताआधी मांस आणि कडधान्याचं भांडं बेकरीच्या भट्टीत ठेवून येत. हे आईकडून ऐकून त्याने विजेचं भांडं बनवलं. 1940 मध्ये पेटंट मिळालं. त्या बायकांना नंतर हात लावता येणार नव्हता, म्हणून निवडणं, चिरणं, रचणं सगळं झाकण ठेवण्याआधी चोख होत असे. तुमचंही काम तेवढ्याच वेळेत असतं आणि तुम्ही नेमकं तेच टाळलंत.

मी रागावते, कारण तुम्ही घरापासून लांब राहता, रात्री दमून खोलीवर येता आणि थंड पिझ्झ्यावर भागवता. सकाळची अर्धा-पाऊण तास नेटाने केलेली मेहनत तुम्हाला दोन दिवस पोटभर गरम जेवण देईल. तेवढी तरी स्वतःची कदर करा.

परवा पुन्हा करायचं आहे. चक आजच आणा आणि गोठलेलं असेल तर वितळायला फ्रीजमध्ये ठेवा. न भाजलेलं मांस घेऊन कोणी माझ्यासमोर यायचं नाही.