जोडीने पाहणारा प्रकाश

१८७३ साली येना येथे अर्न्स्ट आबे यांनी सूक्ष्मदर्शकाची मर्यादा सूत्रात बांधली. भिंग कितीही निर्दोष घासले, तरी साधारण अर्ध्या तरंगलांबीपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. हिरव्या प्रकाशासाठी हे अंतर सुमारे २५० नॅनोमीटर येते. दोष कारागिराचा नव्हता. प्रकाशाचा स्वभावच तसा होता.

या मर्यादेला वळसा घालणारी एक वाट भलत्याच वादातून निघाली. १९३५ मध्ये आइन्स्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांनी पुंजयामिकीवर आक्षेप घेतला. दूर गेलेले दोन कण परस्परांत ‘गुंतलेले’ राहू शकतात, म्हणजे त्यांचे वर्णन एकत्रच करावे लागते, हे त्यांना सिद्धांताच्या अपुरेपणाचे लक्षण वाटले. १९६४ मध्ये जॉन बेल यांनी हा वाद प्रयोगाच्या कक्षेत आणला. १९७० मध्ये बर्नहॅम आणि वाइनबर्ग यांनी एक फोटॉन स्फटिकात दुभंगून निघणारे दोन फोटॉन जोडीने टिपले. आक्षेपाचा विषय आता प्रयोगशाळेतले साधन झाला.

मग प्रतिमेचा प्रश्न आला. १९९५ मध्ये मेरीलँडमध्ये यानहुआ शिह आणि सहकाऱ्यांनी जोडीतला एक फोटॉन अक्षरे कोरलेल्या झडपेतून पाठवला; त्याची जागा मात्र नोंदवली नाही. जागा नोंदवली ती झडपेजवळही न फिरकलेल्या दुसऱ्याची. दोन्ही नोंदी जुळवल्यावर अक्षरे उमटली. २००० मध्ये डाउलिंग आणि सहकाऱ्यांनी पुढचे पाऊल सुचवले: गुंतलेली जोडी एकत्र टिपली, तर ती निम्म्या तरंगलांबीच्या प्रकाशासारखी वागेल आणि आबेंच्या मर्यादेच्याही निम्मे बारकावे कोरता येतील.

उत्साहाच्या या भरात २००२ साली रोचेस्टरच्या संशोधकांनी दाखवून दिले, की शिह यांच्यासारखी प्रतिमा साध्या, पण परस्परसंबंध राखलेल्या प्रकाशानेही मिळते. मला हा या इतिहासातला सर्वांत मोलाचा टप्पा वाटतो. गुंतलेपणाचे श्रेय नेमके कुठवर, हा प्रश्न त्याने कायमचा ऐरणीवर आणला. डाउलिंग यांच्या कल्पनेलाही अशीच कसोटी लागली: अनेक फोटॉन एकाच बिंदूवर एकदम क्वचितच येतात, त्यामुळे नोंद अतिशय संथ होते.

या प्रश्नांनी कल्पना मेली नाही, नेमकी झाली. २०१४ मध्ये व्हिएन्नात झायलिंगर यांच्या गटाने १५५० नॅनोमीटरच्या फोटॉनांनी वस्तू उजळली आणि ८१० नॅनोमीटरच्या, वस्तूला न भेटलेल्या जोडीदारांतून तिची प्रतिमा मिळवली. म्हणजे वस्तूला मानवणारा प्रकाश आणि कॅमेऱ्याला मानवणारा प्रकाश वेगवेगळे ठेवता येतात. २०२३ मध्ये कॅलटेकमधील लिहोंग वांग यांच्या गटाने पेशींच्या प्रतिमा घेतल्या: सुमारे ८०० नॅनोमीटरच्या जोड्यांनी सुमारे ४०० नॅनोमीटरच्या प्रकाशाइतका बारकावा दिला.

तेवढ्यासाठी ४०० नॅनोमीटरचाच प्रकाश का वापरू नये? कारण आखूड तरंगलांबीचा फोटॉन अधिक ऊर्जेचा असतो आणि जिवंत पेशीला इजा करू शकतो. गुंतलेल्या जोडीची खरी किंमत इथे कळते. मर्यादा मोडल्याचा विक्रम दुय्यम आहे. ज्याला पाहायचे त्याला न दुखावता पाहता येणे मोठे आहे. जोड्या अजून विरळ आहेत, नोंदणी संथ आहे. तरीही या संशोधनाला पाठबळ मिळायला हवे, आणि प्रत्येक नव्या दाव्याला तोच जुना प्रश्न विचारला जायला हवा: हे काम साध्या प्रकाशाने झाले असते का?